गहू भाजलेच पाहिजेत

मुंबईला टीव्ही आला आणि त्यावर यशोदा तळपदे नावाच्या बाई सरंग्याचं कालवण कसं करायचं ते दाखवायला लागल्या, तेव्हा लोक म्हणाले, काय बाईची हिंमत, कॅमेऱ्याकडे बघून बोलते ते समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईशी बोलावं तसं. ज्यांना माहीत नाही ते असंच म्हणणार. ज्यांनी बाईंना छप्पन साली लालबागच्या मैदानात टेबलावर चढलेलं बघितलं होतं, त्यांना कॅमेऱ्याचं काडीचं कौतुक वाटलं नाही. तर ती छप्पन सालचीच हकिगत आधी सांगायला हवी, टीव्हीचं मागाहून बघू.

यशोदा तेव्हा तिशी ओलांडलेली, गिरगावातल्या तळपद्यांची धाकटी सून. घराणं जुनं, प्रभूंचं. एके काळी माहीमकडे वाड्या होत्या, दारात घोडागाडी होती, असं घरातले पुरुष जेवताना सांगायचे. यशोदा या घरात आली तेव्हा वाड्याही नव्हत्या आणि घोडाही नव्हता. नवरा अच्युत फोर्टातल्या एका कचेरीत खाली मान घालून कारकुनी करत होता. शिल्लक राहिला होता तो रुबाब, आणि सांबार. इडलीबरोबर येतं ते सांबार नव्हे हो. प्रभूंच्या घरी मसाल्यालाच सांबार म्हणतात. मिरची, धने, हिंग, हळकुंड, मोहरी, मिरी असं बरंच काही भाजून कुटलेलं, आणि कोलंबी असो की सरंगा, त्याच्यावाचून यांचं पान हलत नाही. दर उन्हाळ्यात ते कुटलं जायचं, आणि त्या दिवशी सासूबाई, म्हणजे कौसल्याबाई, ज्यांना सगळं घर माई म्हणायचं, त्या स्वतः उठून स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायच्या. सगळ्या गल्लीला ठसका लागायचा, पण दिसायचं कुणाला काही नाही.

माईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सुनेला घरची रीत समजावली. कुणी कृती विचारली तर नाही म्हणायचं नाही, तो कोतेपणा दिसतो. हसून सांगायची, अगदी फोडणीपासून सांगायची, फक्त एक जिन्नस मागे ठेवायचा. सांबारातला मागे ठेवायचा जिन्नस होता गहू. गहू खरपूस भाजून कुटून घातले की रस्सा मिळून येतो. नाही घातले की पाणी एकीकडे आणि मसाला एकीकडे. "मग करणारीला वाटतं, आपल्याच हाताला चव नाही," माई म्हणाल्या, "आणि तळपद्यांच्या हाताचं नाव होतं." यशोदेला तेव्हा ती मोठी हुशारी वाटली होती.

यशोदेचा आवाज मोठा. त्यापायी घरात सारखं ऐकून घ्यावं लागे, हळू बोल, आपण काय बाजारात राहतो का. पण त्या आवाजानेच तिला उंबऱ्याबाहेर काढलं. अच्युतचा शाळूसोबती हेमचंद्र एका स्टोव्ह कंपनीत विक्रीचं बघायचा. वातीचा नवा स्टोव्ह निघाला होता. पंप मारायला नको, भर्रर्र आवाज नाही. पण बायका त्याला भ्यायच्या. त्यांच्यासमोर उभं राहून त्या स्टोव्हवर स्वयंपाक करून दाखवणारी बाई कंपनीला हवी होती. आधी एक बाई ठेवल्या होत्या, त्यांचं बोलणं पहिल्या रांगेच्या पुढे जायचं नाही. हेमचंद्र एकदा तळपद्यांकडे जेवायला आला असताना यशोदेने आतूनच खालच्या दूधवाल्याला हाक मारली. हेमचंद्रने घास पानात ठेवला. "वहिनी," तो म्हणाला, "हा आवाज कंपनीला द्या."

घरात गहजब झाला. थोरले दीर चिंतामणी, ज्यांना यशोदा दादा म्हणायची, ते गरजले, तळपद्यांची सून आता मैदानात आचारीण म्हणून उभी राहणार काय. अच्युत जन्मात कधी भावापुढे बोलला नव्हता, तो त्या दिवशी एवढंच बोलला की जाऊ दे तिला, आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरला. नवल केलं ते माईंनी. त्या हो म्हणाल्या. तळपद्यांचं सांबार मुंबईभर गाजणार हे त्यांनी बरोबर ताडलं होतं. अट एकच, रीत मोडायची नाही.

ते दिवस कसले होते ते आठवा. जानेवारीत मुंबईवर गोळ्या चालल्या होत्या. मुंबई महाराष्ट्राला मिळाली पाहिजे म्हणून लोक रस्त्यावर उतरले, आणि गिरणगावातल्या कितीतरी घरांतली माणसं तुरुंगात गेली, काही परत आलीच नाहीत. कर्फ्यू उठला, भोंगे पुन्हा वेळेवर वाजायला लागले, आणि मग हेमचंद्रने लालबागच्या मैदानात टेबल मांडलं. कर्णा लावला. बायकांची ही गर्दी. यशोदेने घरून डब्यात आणलेलं सांबार वापरून कोलंबीचं कालवण केलं, चमचा-चमचा सगळ्यांच्या हातावर ठेवलं, आणि सांबाराची कृती ठणठणीत आवाजात सांगितली. गहू सोडून. स्टोव्ह खपले, हेमचंद्र खूश, आणि यशोदा घरी आली ती पावलं जमिनीला न टेकवता.

त्या गर्दीत शेवंती होती. लालबागला चाळीत राहणारी, मूळची मालवणकडची, नवरा गिरणीत, आणि गावाहून एकटे आलेले चार गिरणवाले तिच्याकडे जेवायला. तिचा भाऊ गणपत सत्याग्रहात पकडला गेला होता. तो आणि चाळीतले इतर पोरगे उन्हाळ्यात सुटून आले तेव्हा चाळीने त्यांना जेवण द्यायचं ठरवलं, आणि शेवंती सगळ्यांपुढे बोलून बसली की नेहमीचं खोबऱ्याचं वाटण नको, मी गिरगावच्या बाईचं कालवण करते. मसाला कुटला, कोलंबी आणली. पंगत बसली आणि पातेल्यात लाल पाणी. पोरगे बिचारे काही बोलले नाहीत, तुरुंगातलं खाऊन आलेले. बोलली ती तिची सासू, आणि ती मग बोलतच राहिली.

पुढल्या महिन्यात यशोदा पुन्हा त्याच मैदानात आली. स्टोव्ह पेटवते तोच शेवंती बायकांतून उठून उभी राहिली.

"बाय, माका एक सांगा. तुमच्या हातचा कालवण दाट, आणि माझा पाणी. तुम्ही सांगितलात तसाच सगळा केलंय मी."

असं कुणी विचारलं तर काय म्हणायचं तेही माईंनी शिकवून ठेवलेलं होतं, आणि यशोदेच्या तोंडून ते आपोआप बाहेर पडलं. "आच मोठी ठेवली असेल तुम्ही." कर्ण्यातून ते मैदानभर गेलं. बायका हसल्या. शेवंती हसली नाही.

"आच बरोबर होती," ती म्हणाली. "माझो भाऊ तुरुंगातून सुटून आलो, त्याच्या पंगतीत माझी शोभा झाली. तुम्ही काय तरी मागे ठेवलात. ठेवा. पण मगे आमका बोलवता कशाक?" आणि पोरीला कडेवर घेऊन चालती झाली.

यशोदेने त्या दिवशी कालवण केलं की जाळलं हे तिलाच माहीत नाही. तिला लाज वाटली, साफ लाज वाटली. आणि गिरगावात पोचेपर्यंत त्या लाजेचा संताप झाला होता, अर्धा स्वतःवर आणि अर्धा माईंवर.

घरी पुरुषांची पानं मांडलेली. चिंतामणीदादा संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेहून आले होते, घोषणा देऊन घसा बसलेला, कोमट पाणी पीत होते. यशोदा वाढायच्या आधीच म्हणाली, "माई, पुढच्या खेपेला मी गहू सांगणार आहे."

माईंच्या हातातली वाटी तिथेच थांबली. दादांनी वर पाहिलं. "काय सांगणार आहेस?"

"गहू. भाजलेले. लालबागला सगळ्यांसमोर."

"डोकं फिरलंय का तुझं? घरातली गोष्ट आहे ती."

"दादा, तुम्ही आत्ता कुठून आलात?" यशोदा म्हणाली. "मुंबई आपली, सगळ्या मराठी माणसांची, असंच ओरडून आलात ना? मग लालबागची ती बाई आपल्यात मोडते की नाही ते एकदा सांगा. गोळ्या खायला त्यांची पोरं पुढे. आणि मूठभर गहू सांगायचे म्हटल्यावर आपली जीभ उचलत नाही होय?"

"राजकारण वेगळं, स्वयंपाकघर वेगळं."

"तुमचं असेल. मी स्वयंपाकघरातच असते, मला दुसरीकडचं काही कळत नाही."

दादा लालबुंद झाले. पण बोलल्या माई, आणि त्या कधी आवाज चढवत नसत. "यशोदे, तू ते बाहेर सांगितलंस तर या घरात तुझं पान मांडलं जाणार नाही. अच्युतला हवं तर त्याने इथे जेवावं, हवं तर तुझ्याबरोबर जावं. मी दोनदा सांगणार नाही."

निजताना अच्युतने विचारलं, "मग काय ठरवलंस?"

"सांगणार."

"मग दादरला खोली बघायला लागेल," तो म्हणाला, आणि कूस बदलून झोपला. त्या माणसाला लोक भित्रा म्हणायचे. म्हणोत बापडे.

दादांनी आपल्या परीने बंदोबस्त केला. मैदानातला कर्णा बाबुराव नावाच्या मांडववाल्याचा, आणि तोच समितीच्या सभांनाही कर्णे पुरवायचा. दादांनी निरोप धाडला की त्या दिवशी गिरगावात कोपरासभा आहे, सगळे कर्णे इकडे पाहिजेत. चळवळीचं नाव घेतल्यावर बाबुराव कशाला नाही म्हणतोय. यशोदा मैदानात पोचली तर टेबल होतं, स्टोव्ह होता, मागच्या दोन्ही वेळांपेक्षा जास्त बायका होत्या, आणि कर्णा नव्हता. हेमचंद्र घाम पुसत होता. "वहिनी, आज रद्द करू या. तिसऱ्या रांगेला ऐकू जाणार नाही."

"आवाजासाठीच नेमलंत ना मला?" यशोदा म्हणाली. तिने पदर खोचला, स्टोव्ह खाली ठेवायला लावला आणि स्वतः टेबलावर चढली.

"बायांनो, मागे मी तुम्हाला सांबार सांगितलं त्यात एक जिन्नस सांगितला नव्हता. विसरले नव्हते. मुद्दाम सांगितला नव्हता. आमच्या घरची तशी रीत आहे. ती आज मी मोडते आहे."

पुढच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मागून ओरडा आला, काय म्हणते, काय म्हणते. तेव्हा शेवंती उठली. आली होती ती. भांडायला आली होती असं नंतर तिनेच सांगितलं. गर्दीकडे तोंड करून ती ओरडली, "बाय सांगता, मागच्या टायमाक तिना एक जिन्नस लपवल्यान! आज सांगता!" तिच्यामागच्या बायकांनी ते पुढे फेकलं, त्यांच्या मागच्यांनी आणखी पुढे, आणि मैदानाच्या पार टोकाला झाडाखाली बसलेल्या म्हातारीपर्यंत ते पोचलं.

मग रीतच लागून गेली. यशोदा एक जिन्नस सांगायची आणि शेवंती तो मागे द्यायची. मिरच्या देठं काढून. मागे गेल्या. धने मंद आचेवर. मागे गेले. त्या बायकांना हे नवीन नव्हतं. सहा महिने त्या मोर्च्यात चालल्या होत्या, पुढून आलेली घोषणा मागे कशी द्यायची हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. यशोदेच्याही अंगात ते भिनलं. हिंग म्हणून झालं, हळकुंड म्हणून झालं, आणि तिने पोटातून आवाज काढला, "गहू!"

आणि कुठूनशी एका बाईने सवयीने उत्तर दिलं, "भाजलेच पाहिजेत!"

मैदान हसलं, आणि मग सगळं मैदान एका तोंडाने ओरडलं. गहू, भाजलेच पाहिजेत. नाक्यावरचा हवालदार दांडका सावरत धावत आला, कसला मोर्चा म्हणून. हेमचंद्रने सांगितलं, मसाल्याचा. हवालदार रत्नागिरीकडचा होता. त्याने टोपी काढून काखेत धरली आणि हेमचंद्रलाच विचारलं, गहू किती घ्यायचे. हेमचंद्रला कुठे ठाऊक, त्याने टेबलाकडे बोट दाखवलं.

यशोदा घरी आली तेव्हा दिवेलागण झालेली होती. बातमी तिच्याआधी पोचली होती. माई झोपाळ्यावर बसल्या होत्या. आत पानं मांडलेली दिसत होती, आणि त्यात एक कमी होतं. ते ठरल्याप्रमाणेच झालं म्हणून यशोदेला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते माई हसत होत्या त्याचं.

"सगळं सांगितलंस?" माईंनी विचारलं.

"सगळं."

"तुला काय वाटतं, तुला सगळं ठाऊक आहे?" माईंनी पायाने झोपाळा थांबवला. "गहू हा बाहेरच्यांसाठी मागे ठेवायचा जिन्नस. सुनेसाठी आणखी एक असतो, तो मी दर वर्षी तुझ्या नकळत घालत आले. माझ्या सासूने मला तो मरताना कानात सांगितला, तोवर मीही तुझ्यासारखीच होते. तुला मी तसाच सांगणार होते. बस आता. तू ओरडून आलीस ते अर्धंच, घरचं घरातच राहिलं."

यशोदा तिथेच उभी राहिली. इतकी वर्षं हीच बाई तिच्या हातचं जेवत होती आणि मनातल्या मनात हसत होती. शेवंती पंगतीत जशी उभी राहिली असेल तशी ती त्या दिवाणखान्यात उभी होती.

"माई," ती म्हणाली, "उद्या लालबागला ज्या घरात रस्सा दाट होईल, त्या घरात सांबार पुरंच असेल. परवा परळला होईल, तेरवा शीवला. सगळी मुंबई जे करील तेच सांबार. तुमच्याजवळ जे राहिलं ते तुमच्याजवळ ठेवा. ते आता फक्त एका घराच्या कालवणात असणार."

अच्युत आतून आला, त्याच्या एका हातात ट्रंक होती आणि दुसऱ्या हाताने त्याने दारातल्या तिच्या चपला उचलल्या. त्याचं पान मांडलेलं होतं तरी तो जेवला नव्हता.

दादरला त्यांनी एक खोली घेतली. पुढच्या उन्हाळ्यात यशोदेने सांबार कुटलं ते गॅलरीत, दार सताड उघडं टाकून. शेवंती हात लावायला आली, आणि तिची सासूही आली, कारण नावं ठेवायला काहीतरी हवं होतं. यशोदेचं काम वाढत गेलं. राज्य झालं, मुंबई मिळाली, त्या मे महिन्यात तिने परळला मैदानात एवढं कालवण केलं की ढवळायला फावडं लागलं. मग हॉल, मग शाळांचे वर्ग, मग टीव्ही. टीव्हीवाल्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं, बाई, वेळ थोडा आहे, जिनसा भराभर गाळत चला. यशोदाबाई म्हणाल्या, मग मला घेऊ नका. त्यांनी पाककृतीऐवजी नमस्कार आटोपता घेतला आणि सगळ्या जिनसा सांगितल्या.

गिरगावच्या घरीही टीव्ही आला. माई आता अंथरुणाला लागलेल्या. सून दिसली की त्या भिंतीकडे तोंड करायच्या, पण ऐकायच्या, असं पुतण्यांकडून कळायचं. एका दुपारी निरोप आला की माई बोलावतात. यशोदाबाई डब्यात सरंग्याचं कालवण आणि भात घेऊन गेल्या. इतक्या वर्षांत उंबरा ओलांडायची ती पहिलीच वेळ होती, आणि त्या पायपुसण्यावर पाय पुसून सरळ आत गेल्या.

माई अगदी चिमूटभर झाल्या होत्या. त्यांनी हाताने खूण केली. "ये. कान इकडे कर. सांगून टाकते आता."

यशोदाबाई खाटेच्या कडेला बसल्या, पण वाकल्या नाहीत. "सांगा," त्या म्हणाल्या. "पण माई, मी ते पुढच्या खेपेला टीव्हीवर सांगणार. ऐकलं की माझ्याच्याने मागे ठेवलं जायचं नाही. आहे कबूल?"

खाली गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. माईंचे ओठ हलले आणि पुन्हा मिटले.

"मग नको," त्या म्हणाल्या.

"बरं," यशोदाबाई म्हणाल्या, आणि डबा उघडला. भात मऊ कालवून ताटलीत घातला, काटे काढून सरंग्याचा तुकडा ठेवला, वरून रस्सा ओतला. माईंना टेकवून बसवलं. माई सावकाश जेवल्या, घास घोळवत, डोळे मिटून, काहीतरी शोधत असल्यासारख्या. ताटली संपली.

"काहीतरी कमी आहे," माई म्हणाल्या.

"आहे ना," यशोदाबाई म्हणाल्या.

माईंनी ताटली पुढे सरकवली. "रस्सा वाढ अजून. भात नको."